प्रभाकरभाऊंची तूरडाळ कंपनी

प्रभाकरभाऊ स्वतःच्या घराचीसुद्धा बेल वाजवतात आणि एक पायरी उतरून उभे राहतात. अमरावतीच्या राजापेठेत त्यांचं आणि आमचं कुंपण एक, त्यामुळे हे मी नेहमी पाहतो. एकदा विचारलंच.

"सवय हाय भाऊ. बेल दाबली का एक पायरी खाली उतराचं. मंग दार उघडनारा आपल्यापेक्षा उंच दिसते. उंच मानूस नाई म्हनायले लाजते."

सारी उमर त्यांनी अकोल्यापासून धामणगावपर्यंत पंखे, मिक्सर, विमा, मिळेल ते विकलं. निवृत्त झाले आणि स्टार्टअप काढला. त्याला 'कंपनी' म्हटलेलं त्यांना चालतं. 'दुकान' म्हटलं की चहा मिळत नाही. अकोल्याच्या डाळ मिलमधून तूरडाळ आणायची, देखण्या पाकिटात भरायची आणि अमरावतीत घरोघरी विकायची, असा बेत.

मी पतसंस्थेत हिशेबनीस. मला राहवलं नाही.

"भाऊ, इथे बहुतेकांची डाळ गावाहून पोत्यानं येते. उरलेल्यांना शेजारी देतात. तुम्हाला दरवर्षी मीच देतो."

"म्हनूनच तं!" ते खूशच झाले. "जो इथं तूर इकन, तो कुठंई कायबी इकन. धंद्यात पयले मानसं तयार कराचे भाऊ. माल काय, मांगून येते."

माणसं म्हणजे शिकून घरी बसलेली गल्लीतली पोरं, आणि त्यांचा निखिल. वहिनी गेल्यापासून घरात बाप-लेक दोघंच. इंजिनियर झालेला निखिल दिवसभर मोबाइलवर पुण्यातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती बघायचा. तो जाऊ नये, त्याला इथेच बसायला एक खुर्ची असावी, एवढ्यासाठी ही कंपनी निघाली होती. गल्लीत सगळ्यांना ते कळत होतं, बोलत कोणी नव्हतं.

दुपारी सराव चाले. प्रभाकरभाऊ दाराआड गिऱ्हाईक होत. कधी तिरसट वकील, कधी चिडलेली सासू. पोरं बेल वाजवत, पायरी उतरत.

"नाई पायजे!" सासू आतून ओरडे, आणि एखादा पोरगा मुकाट वळे.

"नाई म्हनलं तं निंघून जातं का रे बैताडा? इचार नं, काहून नाई पायजे काकू? हासून इचार! तोंड तं असं, मले घरात कोन मानते, हे इचारून राहिला जसा!"

डाळ खपली नाही. खपली तेवढी आमच्याकडे, कारण पोरं पायरी उतरून उभी राहिली की माझी बायको लाजायची. मात्र दिवसभर नकार ऐकून हसत राहणारी पोरं बाहेरच्या कंपन्यांना फार आवडली. विक्रीच्या नोकऱ्यांवर एक पुण्याला गेला, एक हैदराबादला, मग त्यांनी मागच्यांना बोलावून घेतलं. मी प्रभाकरभाऊंना हिशेब सांगितला: कंपनीनं रोजगार दिला, यात वाद नाही. त्यातला अमरावतीत उरलेला, शून्य.

"निखिल हाय नं," ते म्हणाले.

एका संध्याकाळी मी झाडांना पाणी घालत होतो. निखिल आला. त्यानं स्वतःच्याच घराची बेल वाजवली आणि एक पायरी उतरला. प्रभाकरभाऊंनी दार उघडलं.

"बाबा, पुण्याहून ऑफर आली."

"नाई पायजे."

निखिल हसला. शिकवल्याप्रमाणे.

"काहून नाई पायजे बाबा?"

प्रभाकरभाऊ वरच्या पायरीवर उभे होते. मुलापेक्षा उंच दिसत होते. त्यांनी आत जाऊन त्याची बॅग माळ्यावरून काढली.

तो गेल्यावर मला म्हणाले, "पोट्ट्यानं मलेच माल इकला भाऊ. एक शब्द चुकला नाई." कौतुकानं म्हणाले, पण माझ्याकडे बघून नाही.

पुढच्या खोलीतल्या पाकिटांत आता सोंडे झालेत. गल्लीत संध्याकाळचे दिवे साठी उलटलेली माणसं लावतात. माझा शून्याचा हिशेब बरोबर आला, आणि एखादा हिशेब चुकला असता तर बरं, असं मला नोकरीत कधी वाटलं नव्हतं.

प्रभाकरभाऊ बाजारातून येतात. बेल वाजवतात, एक पायरी उतरतात. आतून कोणी हात पुसत येईल एवढा वेळ थांबतात. मग खिशातून किल्ली काढतात आणि पायरी चढतात.