पूर्णविराम देऊन ओरडावे

आमच्या कार्यालयाच्या लिफ्टचा दोर झिजला आहे, असे मी वरिष्ठांना वेळोवेळी लेखी कळवले. लिफ्ट चालवणे हे माझे काम असून दोराबद्दल मत असणे हे माझे काम नाही, असे उत्तर आले.

माझी सून सातव्या मजल्यावर टंकलेखिका. तिचे दिवस भरत आलेले, जिने चढवत नव्हते. म्हणून मी युक्ती केली. साहेब लोक अर्ज वाचत नाहीत. पण कार्यालयाच्या वार्षिक अंकात आपला फोटो कुठे आला, ते शोधतात. मी अंकासाठी कथा लिहिली. एक बाई लिफ्टमध्ये अडकते आणि ओरडते.

कथा विरामचिन्ह समितीपुढे गेली.

"'वाचवा'पुढे उद्गारचिन्ह?" अध्यक्षबाईंनी चष्मा वर सरकवला. "काका, उद्गारचिन्ह उपसंचालकांपासून वर. ही कोणत्या श्रेणीतली?"

"मॅडम, ती मरायला टेकलीय."

"टेकू दे की. पण पूर्णविराम देऊन ओरडू दे. चांगल्या कथेत संयम असतो."

"आणि 'कुणी आहे का'पुढचं प्रश्नचिन्ह?"

"ते आधी काढा. प्रश्नचिन्ह आलं की कुणालातरी उत्तर द्यावं लागतं."

सचिवांनी तिथे तीन टिंबे बसवली. टिंबांनी म्हणे वाचक विचारात पडतो, आणि विचारात पडलेला माणूस तक्रार करत नाही.

कथेला पहिले बक्षीस मिळाले. मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. "काका, काय ते पूर्णविराम! अंगावर काटा आला."

"साहेब, तो दोर..."

"आणि ही टिंबं तर लाजवाब!"

आज दुपारी मी जेवणाचा डबा उघडला आणि लिफ्ट पाचव्या-सहाव्या मजल्यांच्या मध्ये अडकली. आत सून. पहार घेऊन धापा टाकत वर पोचलो, तर दारापुढे सगळे कार्यालय जमलेले.

"बाबा, वाचवा! कुणी आहे का?" सून आतून ओरडत होती.

"अगदी हुबेहूब," अध्यक्षबाई म्हणाल्या. "चिन्हं तेवढी भडक."

"अहो, हात लावा कुणीतरी! मला एकट्याला दार रेटवत नाही."

"शूऽऽ, काका. शेवट ऐकू द्या."

वर दोर करकरतो आहे. पहारीवर अजून माझेच दोन हात आहेत. आणि तुम्ही, पुढे काय झाले म्हणून मान लांब करू नका. वाचक इथे आधीच पुष्कळ जमलेत.