साहेबांच्या मानेवरचा चावा

"बोक्याचं नसबंदीचं ऑपरेशन उरकून टाका, आणि रात्री त्याला बाहेर सोडू नका," असं प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या वर्षीच बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आमचा बोका म्हणजे साहेब! रात्री फेरफटका, सकाळी दारात हजर, अंगावर ओरखडा नाही. मारामाऱ्या गल्लीतले टपोरी बोके करतात, आमचे साहेब नुसती पाहणी करून येतात, असं मी शेजारणींना ठणकावून सांगायचे.

परवा साहेब सोफ्याखालून निघेनातच. ओढून काढलं तर अंग तापलेलं, आणि शेपटीवर चक्क चावा. मी शिकलेली बाई, त्यामुळे घाबरण्याआधी वाचते आणि वाचून झालं की दुप्पट घाबरते. रिक्षात फोनवर वाचलं: मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारा विषाणू, चाव्यातून पसरतो, पूर्ण बरं करणारं औषध नाही. मांडीवर टोपलीत साहेब, कडेवर सव्वा वर्षाची लेक, शेजारी सासूबाई. तिघांपैकी कुणाला पोटाशी धरावं तेच कळेना.

डॉक्टरीणबाईंनी साहेबांना टेबलावर घेतलं. "ऑपरेशन झालं?"

"राहिलंय."

"रात्री बाहेर?"

"फक्त फिरायला."

"वय?"

"सहा."

प्रत्येक उत्तराला त्या "हं" म्हणत होत्या, आणि प्रत्येक "हं" आधीच्यापेक्षा खोल जात होता. "नर, ऑपरेशन न झालेला, वयात आलेला, रात्रभर बाहेर. धोका याच मंडळींना जास्त. याआधी कधी चावे?"

"कधीच नाही," मी छातीठोकपणे म्हणाले.

सासूबाई खोकल्या. "दोन-तीनदा झालेत," त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या. "मी पहाटे उठून पुसून घ्यायचे."

"आई, मला का नाही सांगितलंत?"

"तू दाराची कडीसुद्धा औषधानं पुसतेस गं. बोका चावून घेऊन आलाय म्हटलं असतं, तर तू त्याला ठेवलं असतंस घरात?"

नसतंच ठेवलं.

तोवर डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा थेंब पट्टीवर सोडला होता. "एक रेघ येणारच. दुसरी आली तर लागण." मी पट्टीवर असे डोळे रोवले, की दुसरी रेघ माझ्या धाकानंच यायची थांबेल.

"डॉक्टर, ही त्याच्या वाटीत हात घालते. त्याचे मुके घेते."

"माणसाला होत नाही. मांजराकडून मांजरालाच, तेही बहुतेक खोल चाव्यातून."

"नक्की? पण समजा..."

"समजूही नका," म्हणत त्यांनी शेपूट उचललं आणि थबकल्या. "हा चावा मांजराचा नाही. मांजराचे सुळे टाचणीसारखी भोकं पाडतात. ही तर बिस्किटाचा घास घेतल्यासारखी अर्धगोल खूण आहे."

सगळ्यांनी माझ्या कडेवर बघितलं. लेकीनं प्रसन्न हसून आपले सहाच्या सहा दात दाखवले.

"मग... हिच्यापासून त्याला काही?" मी विचारलं.

"आजवर तरी अशी नोंद नाही," डॉक्टरीणबाई मान वर न करता म्हणाल्या.

सासूबाईंना हसू आवरेना. मलाही सुटणार होतं, तेवढ्यात डॉक्टरीणबाईंची बोटं साहेबांच्या मानेवर थांबली. दाट केसांखाली गाठ, गाठीवर टाचणीसारखी दोन भोकं. ताप त्याचाच होता. हे काम मात्र लेकीचं नव्हतं.

पट्टीवर एकच रेघ राहिली. मी श्वास सोडला. "अर्धाच सोडा," त्या म्हणाल्या. "चावा नवा आहे. लागण झाली असली तरी इतक्या लवकर पट्टीवर दिसणार नाही. दोन महिन्यांनी परत तपासू. तोवर घरातच ठेवा. ताप उतरला की ऑपरेशन."

तर साहेब सध्या बंद खिडकीत पाठ फिरवून बसलेत. लेकीला दाढा येतायत, त्यामुळे दोघांच्या मधे मी बसते. दोन महिने जायचेत. दुसरी रेघ आलीच, तरी जपलं तर अशी मांजरं बरीच वर्षं नीट जगतात, असं डॉक्टरीणबाई सांगतात. ते मी रोज स्वतःला ऐकवते.

तुमच्याकडे बोका असेल, तर हे वाचून झाल्यावर एवढं करा: त्याच्या मानेवरचे केस बाजूला करून बोटं फिरवा. काही लागलं तर दवाखाना गाठा. तो स्वतःहून सांगणार नाही. आमच्याकडे तर सासूबाईही सांगत नाहीत.