एक दात सोडून

क्रांतीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, रविवारी होतं आणि त्याआधीच्या सोमवारपासूनच दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या त्या सरकारी क्वार्टरमध्ये कोणी कोणाचं वाक्य पूर्ण ऐकून घेत नव्हतं. अरुणाबाई एका कानाला फोन लावून हलवायाशी हिंदीत भांडत होत्या आणि त्याच वेळी क्रांतीला साडीचा फॉल मराठीत समजावत होत्या. दारावर दर थोड्या वेळाने कुरिअरवाला येत होता. आणि या सगळ्यांच्या मधून बुद्धभूषण रामटेके, मंत्रालयातले अवर सचिव आणि मुलीचे वडील, हातात चहाचा कप घेऊन अतिशय खुशीत येरझाऱ्या घालत होते.

खूश होण्यासारखंच सगळं होतं. मुलगा, चिराग गजभिये, क्रांतीने स्वतः निवडलेला. इंदिरापुरमचं घर चांगलं, माणसं ओळखीतली, मूळची नागपूरची. चिरागचे वडील बाबुराव रेल्वेतून निवृत्त झालेले आणि रामटेक्यांसारखेच बोलके. आधी रामटेक्यांकडे झालेल्या भेटीत दोघे व्याही इतके मोठ्याने हसले होते की खालच्या मजल्यावरचे लोक काय झालं ते बघायला वर आले होते. अडलं होतं ते एकाच गोष्टीवर. बाबुरावांना लग्न मे महिन्यात नागपूरला हवं होतं, कारण तेव्हा शाळांना सुट्ट्या आणि सगळा गोतावळा मोकळा. रामटेक्यांना ते डिसेंबरात दिल्लीत हवं होतं, कारण मेमधलं नागपूर त्यांना माहीत होतं. फोनवर दोघेही "बघू की, त्यात काय" म्हणत आणि दोघेही जागचे हलत नसत.

मंगळवारच्या पार्सलांमध्ये एक छोटा पांढरा डबा होता. घरच्या घरी दात पांढरे करायचा. त्यात जेलची ट्यूब, दातांवर बसवायचा रबरी साचा आणि तोंडात धरायचा एक निळा दिवा. क्रांतीने एकदा लावून बघितलं आणि डबा टेबलावर ठेवून दिला.

"चालतं का गं हे?" रामटेक्यांनी विचारलं.

"रिव्ह्यू तर मस्त आहेत बाबा. पण मला नाही सहन होत, यार. दातांत करंट लागल्यासारखं होतं."

"मग आता फेकणार?"

"तुम्हीच घ्या ना. फोटोत चमकाल."

ती सहज बोलली, पण रामटेक्यांनी ते मनावर घेतलं. नोकरीभर मंत्रालयाचा चहा पिऊन त्यांचे दात मारी बिस्किटाच्या रंगाचे झाले होते. त्यांनी चष्मा लावून सूचनापत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, महत्त्वाच्या जागी पेन्सिलने खुणा केल्या आणि त्याच संध्याकाळी कामाला लागले. चहा बंद, हळद बंद. सकाळ-संध्याकाळ ते सोफ्यावर निळा दिवा तोंडात धरून बसू लागले. एकदा बेल वाजली म्हणून तसेच उठून दार उघडायला गेले, तर कुरिअरवाल्याने पार्सल उंबऱ्यावर ठेवलं आणि सही न घेताच जिना उतरला.

"अहो, निदान तोंडात ट्यूबलाइट घेऊन दार तरी उघडू नका," अरुणाबाई म्हणाल्या.

पण जेलने काम केलं. गुरुवारी फरक दिसायला लागला. शुक्रवारी सकाळी रामटेके आरसा घेऊन बाल्कनीत उन्हात उभे राहिले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली, "अगं, इकडे या दोघी. लवकर या."

दोघी धावत आल्या. रामटेक्यांनी ओठ फाकवले. अरुणाबाईंचा चेहरा आधी उजळला आणि मग हळूहळू विचारात पडला.

"छान झालेत. अगदी छान. फक्त तो एक तसाच राहिलाय."

"कुठला?"

"समोरचा. तुमचा डावा."

रामटेक्यांनी आरसा जवळ घेतला. बरोबर मधे, पांढऱ्याशुभ्र दातांच्या रांगेत, एक दात मारी बिस्किटाचाच राहिला होता. क्रांतीने तोंडावर हात ठेवला, पण हसू बोटांमधून बाहेर आलं. "सॉरी बाबा. पण असं वाटतंय की तुम्ही फुटाणा खाताय आणि तो अडकलाय."

रामटेके तडक मुनिरक्याला डॉ. सलोनींच्या दवाखान्यात गेले. ही तरुण डॉक्टर त्यांच्या कुटुंबाचे दात बघायची. तिने एक नजर टाकली आणि विचारलं, "अंकल, स्कूटरवरून पडला होतात ना तुम्ही? माझ्या आधीच्या मोठ्या डॉक्टरांनी कॅप बसवली होती?"

बसवली होती. क्रांती शाळेत जायच्या आधीची गोष्ट. ती कॅप इतकी बेमालूम बसली होती की खुद्द रामटेके तिला विसरून गेले होते.

"जेल खऱ्या दातावर काम करतं, कॅपवर नाही," डॉक्टर म्हणाली. "तेव्हा डॉक्टरांनी तुमच्या बाकीच्या दातांना मॅच करून रंग निवडला असणार. आता बाकीचे पुढे गेले आणि ती मागे राहिली."

"मग नवीन बसवा."

"बसवू की. पण लॅबमधून यायला आठवडा लागेल. तात्पुरती लावून देते म्हटलं तर ती खाताना निघूही शकते."

साक्षगंधाच्या पंगतीत पेढ्याबरोबर समोरचा दात हातात आला आहे, हे दृश्य रामटेक्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. पिवळा परवडला, असं म्हणत ते घरी आले. तिथे क्रांतीने दुसरा उपाय काढला. एक दात पांढरा करता येत नसेल तर बाकीचे पुन्हा पिवळे करायचे. सूचनापत्रकातच लिहिलं होतं की जेल लावल्यावर दात रंग पटकन धरतात. त्यामुळे नवऱ्याचा चहा कमी करण्यासाठी वर्षानुवर्षं झगडलेल्या अरुणाबाई स्वतःच्या हाताने कडक काळा चहा उकळून त्यांच्यापुढे ठेवू लागल्या. "गिळू नका लगेच. तोंडात फिरवा." शनिवारी दिवसभर रामटेके चहा तोंडात फिरवत होते. संध्याकाळपर्यंत दात होते तसेच पांढरे राहिले आणि पोटात मात्र आग पडली.

"बाबा, एकच उपाय," क्रांती शेवटी म्हणाली. "उद्या हसू नका. बोलूही नका फार."

"चिरागला कळलं तर?"

"चिरागला कळलं तर चालेल हो. पण त्यांचे नागपूरचे काका-मामा सगळे येणारेत. ते तुम्हाला लग्नापर्यंत सोडणार नाहीत. लग्नानंतरही नाही."

रविवारी सेक्टरच्या समाजसदनात माणसं जमली. त्रिशरण-पंचशीलाच्या वेळी सगळ्यांची तोंडं बुद्धमूर्तीकडे होती, म्हणून रामटेक्यांनी तेवढं मोकळ्या गळ्याने म्हटलं. त्यानंतर त्यांनी ओठ मिटले.

"जय भीम, रामटेकेसाहेब," बाबुराव हात पसरून पुढे आले. "काय म्हणते तुमची दिल्ली?"

एरवी याच्यावर रामटेक्यांनी छप्पर हलवलं असतं. त्यांनी हात जोडले, मान लववली आणि म्हणाले, "हं."

बाबुरावांचे पसरलेले हात तसेच राहिले. ते शेजारच्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "आमच्याकडून काही कमी-जास्त झालं का?"

रामटेक्यांनी जोरात मान हलवून नाही म्हटलं. पण नेमक्या त्याच वेळी पोटातून कळ आली आणि त्यांचा चेहरा असा आक्रसला की बाबुराव उठले आणि थेट मुलाला गाठायला गेले. "काहून रे चिराग, काय बोलला तू क्रांतीच्या बाबांना?"

"काहीच नाही, पप्पा."

"मग ते असे काहून बसले? जा, बस जरा त्यांच्यापाशी."

चिराग येऊन बसला. रामटेके समोर बघत होते. शांतता त्याला सोसेना. "काका," तो म्हणाला, "तुम्हाला कळलंय का ते?"

"हं?"

"म्हणजे, मी सांगणारच होतो. मला गाडी चालवता येत नाही. टेस्टमध्ये दोनदा फेल झालोय. क्रांतीला मी सांगितलंय की फक्त लायसन्स रिन्यू करायचंय."

"हं," रामटेके म्हणाले. त्यांना पोरगा फार आवडला होता आणि पाठ थोपटावीशी वाटत होती, पण पाठ थोपटताना हसू येतंच.

"आणि तो फोटो, त्या लाल गाडीजवळचा. ती मित्राची आहे," चिराग म्हणाला आणि घाम पुसत निघून गेला.

मग पुन्हा बाबुराव आले. या वेळी ते खुर्चीच्या कडेवर बसले. "मी काय म्हणतो, साहेब. मेमध्ये नागपूर तापतेच. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना जड जाईन."

"हं."

"डिसेंबर काही वाईट नाही तसा."

रामटेके श्वास रोखून ऐकू लागले.

"चला, डिसेंबरच. दिल्लीतच करून टाकू. आमची माणसं बसतीन गाडीत अन् येतीन."

कितीतरी महिने फोनवर जे जमलं नव्हतं ते समोर येऊन पडलं होतं. रामटेक्यांच्या पोटातून हसू असं उसळलं की ते दाबायला त्यांना दोन्ही ओठ दातांखाली धरावे लागले. डोळ्यांत पाणी आलं. बाबुरावांनी ते पाणी पाहिलं आणि ते हादरले.

"अन् वऱ्हाडाच्या राहण्याचं आम्ही पाहू," ते घाईघाईने म्हणाले. "तुम्ही त्याचं टेन्शन घेऊ नका."

तेवढ्यात फोटोग्राफरने सगळ्यांना पुढे बोलावलं. मधे क्रांती आणि चिराग, दोन्ही बाजूंना आईवडील. चिरागचा चेहरा पडलेला, बाबुरावांचा त्याहून. "अंकल जी, थोड़ा मुस्कुराइए," फोटोग्राफर म्हणाला. "बेटी की सगाई है, इंटरव्यू नहीं."

रामटेक्यांनी ओठ दोन्ही बाजूंना ताणले. ते पाहून चिरागची आई नवऱ्याच्या दंडाला धरून उभी राहिली. अरुणाबाईंनी एकदा त्या तिघांकडे पाहिलं आणि नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "अहो, हसा आता. दातापायी लग्न मोडेल."

रामटेके हसले. सगळं दिवसभराचं साचलेलं हसू एकदम, मोठ्याने, आणि दातांसकट.

बाबुराव जवळ आले, चष्मा कपाळावर चढवला आणि वाकून पाहिलं. "हे काय झालं?"

मग रामटेके जे बोलायला लागले ते थांबेनात. डबा, निळा दिवा, कुरिअरवाला, कॅप, काळा चहा. नागपूरचे काका-मामा खुर्च्या ओढून जवळ आले. कोणीतरी मागून ओरडलं, दिवा कसा धरला होता ते करून दाखवा. चिराग इतका हसला की त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग त्याला आपण काय काय कबूल करून बसलो ते आठवलं आणि तो क्रांतीकडे बघून एकदम गप्प झाला.

"म्हणजे तुम्ही नाराज नव्हता," बाबुराव सावकाश म्हणाले.

"छे हो. कशाला नाराज?"

"म्हणजे मी नागपूर फुकटच सोडलं."

"पेढा घ्या," अरुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी विषय पुढे जायच्या आत पेढा त्यांच्या तोंडात घातला.

निघताना बाबुरावांनी रामटेक्यांना बाजूला घेतलं. "पण खरं सांगा, चालते का हो ते?"

"चालतं ना. तोच तर घोळ झाला." आणि उरलेली ट्यूब दिव्यासकट त्यांनी दुसऱ्याच दिवशी व्याह्यांकडे पाठवून दिली.

आठवड्याने नवी कॅप बसली. लगेचच्या रविवारी बाकीचं ठरवायला रामटेके नवरा-बायको इंदिरापुरमला गेले. मेट्रोत ते समोरच्या अनोळखी माणसाकडे बघूनही हसत होते. बाबुरावांनी दार उघडलं, हात जोडले आणि म्हणाले, "हं."

"जेल लावलंय," रामटेके बायकोच्या कानात पुटपुटले आणि सोफ्यावर बसत मोठ्याने म्हणाले, "काय गजभियेसाहेब, दात कसे आहेत?"

"कुठले दात?" चिरागची आई स्वयंपाकघरातून पाणी घेऊन येत म्हणाली. "ती ट्यूब तर तशीच पडून आहे. हात नाही लावला यांनी."

रामटेक्यांचं हसू मावळलं. बाबुराव खिडकीबाहेर बघत होते. म्हणजे माणूस खरोखरच दुखावला होता.

"जेवणात सावजी रस्सा ठेवू की," रामटेके म्हणाले. "नागपूरहून आचारी बोलावू."

"हं."

"तुमच्याकडची कितीही माणसं येऊ देत."

"हं," बाबुराव म्हणाले आणि त्यांनी खोल श्वास सोडला. तो श्वास रामटेक्यांना ऐकवला नाही.

"बरं, असं करू. लग्न दिल्लीत. पण रिसेप्शन नागपूरला."

अरुणाबाईंनी त्यांना कोपराने ढोसलं. उशीर झाला होता.

"मेमध्ये," रामटेके म्हणाले.

बाबुराव वळले आणि तोंडभर हसले. खालचे वरचे सगळे दात दिसले. कुठलाही पुढे गेला नव्हता, कुठलाही मागे राहिला नव्हता, सगळे एकजात पिवळे होते.

"चहा घेसान ना, साहेब?" ते म्हणाले.

रामटेक्यांनी ते दात नीट पाहिले. मग व्याह्यांनी आपलंच 'हं' आपल्यावर उलटवलं हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी असा काही हसण्याचा धडाका लावला की खालच्या मजल्यावरचे लोक पुन्हा वर आले. ही वेगळी इमारत होती, त्यामुळे लोक वेगळे होते. अरुणाबाईंनी दार उघडून त्यांना सांगितलं, "काही नाही हो. शादी पक्की हुई है."