मारुतीरावांचं पहिलं हलणारं गिऱ्हाईक

मार्तंड हुद्दार दिवाळीपर्यंत बोलपटाचा नायक होणार, हे ठरलं होतं. ठरवलं होतं खुद्द मार्तंडानं. निपाणीच्या शांतिनाथ शेठना कळवायचं तेवढं बाकी होतं!

शांतिनाथ शेठ तंबाखूचे बडे व्यापारी. तंबाखूत मिळवलेला पैसा बोलपटात घालायचं त्यांच्या मनानं घेतलं होतं. गोष्ट तयार झाली, नायिका कोल्हापुरात मिळाली. नायक तेवढा नवा हवा होता. इच्छुकांनी लवकर फोटो पाठवावेत, ही बातमी बेळगावात आली आणि कचेरीतला प्रत्येक कारकून आरशासमोर तिरका उभा राहू लागला. पण मार्तंडाची गोष्ट वेगळी! गणेशोत्सवाच्या नाटकात दरसाल राजा तोच करी. राजाला बोलायचं फारसं नसे, पण सिंहासनावर तो बसे असा, की प्रॉम्प्टर पुस्तक विसरून बघत राही. निदान मार्तंड तसं सांगे.

"प्रश्न फक्त फोटोचा आहे," तो बायकोला म्हणाला. "चेहरा तयारच आहे."

विनोदिनीनं भाकरी उलटली आणि त्या तयार चेहऱ्याकडे एकदा पाहिलं. "कॅम्पातल्या फोटोवाल्याकडे जा. चांगला काढतो."

"तिथं गोऱ्या साहेबांची रांग! माझा नंबर लागेपर्यंत नायक म्हातारा होईल. मी एक शोधलाय, मारुतीराव म्हणून. दुकानात काय शांतता! एक गिऱ्हाईक नाही!"

"हे चांगलं की वाईट?"

"अगं, खऱ्या कलावंताकडे गर्दी नसते."

रविवारी सकाळी दोघं मारुतीरावांच्या दुकानाशी पोचली. दर्शनी काचेमागं नमुन्याचे फोटो मांडलेले. सगळे पोक्त, सगळे खुर्चीत, सगळे समोर एकटक बघणारे.

"अहो, हसणारा एकही नाही."

"गंभीर अभिनय!"

"आणि सगळ्यांचे डोळे एकसारखे कसे?"

"मन एकाग्र झालं की बुबुळं एका मापाची होतात," मार्तंड म्हणाला. असली शास्त्रीय माहिती तो जागच्या जागी तयार करू शके.

तेवढ्यात मारुतीराव बाहेर आले. पांढरी टोपी, पांढरा सदरा आणि चेहऱ्यावर एवढं दुःख, की मार्तंडाला उगीच अपराध्यासारखं वाटलं. मारुतीरावांनी हात जोडले आणि आवाज खाली आणला.

"या, बसा. पाणी घ्या. धीर धरा. कवा झालं?"

"काय कवा झालं?"

"म्हंजे... फोटो कुणाचा काढायचा?"

"माझा!"

मारुतीराव एक पाऊल मागं सरले. "तुमचा? आणि तुम्ही सोताच चालत आलासा?"

"मग काय दुसऱ्यांनी आणून सोडायचं?"

"सोडत्यात की! न्हायतर मीच घरला जातो. लगोलग बोलावल्यालं बरं. उन्हाळ्यात तर लईच घाई असती."

मार्तंडानं बायकोकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. लोक गाड्या करून येतात, घरी बोलावणी करतात, उन्हाळ्यात तर झुंबड!

विनोदिनी त्याच्या कानाशी लागली. "अहो, परत जाऊ या. यांचं गिऱ्हाईक निराळं आहे."

"मलाही निराळाच फोटो हवाय!"

आत रंगवलेल्या महालाचा पडदा होता आणि त्यापुढं एक भक्कम खुर्ची. मार्तंड सिंहासनावर बसल्यासारखा बसला. मारुतीरावांनी सवयीनं उदबत्ती लावली, मग एक जुनं धोतर काढून त्याच्या छातीभोवती गुंडाळायला घेतलं.

"हे कशाला?"

"खुर्चीला बांधतो. वरनं उपरणं टाकलं की दिसत न्हाय. फुडं कलंडाय नको."

"मी कशाला कलंडेन?"

"सगळी कलंडत्यात," मारुतीराव समजुतीनं म्हणाले.

मार्तंडानं मुकाट बांधून घेतलं. नव्या पद्धतीला नावं ठेवणारा माणूस तो नव्हता! मारुतीराव कॅमेऱ्यामागच्या काळ्या कापडात शिरले. "हां. आता हलू नका." आणि नेमका उदबत्तीचा धूर नाकात गेला. मार्तंड असा शिंकला की खुर्चीसकट उडाला!

कापडातून मारुतीरावांचं घाबरंघुबरं डोकं बाहेर आलं. "अवो, हललासा की!"

"धुरानं शिंक आली!"

"इतकी वर्सं ह्यो धंदा करतोय. एकानं न्हाय कधी तक्रार केली!"

फोटोची दुसरी काच कॅमेऱ्यात लावली. या खेपेला मार्तंड हलला नाही, पण धुरानं डोळे चुरचुरून गच्च मिटले.

"मिटू देत," मारुतीराव खुशीत म्हणाले. आता कुठं ते रुळावर आले होते. "मी काचेवर पेन्सिलीनं उघडतो. डोळ्यात आपला हातखंडा हाय."

फोटो निपाणीच्या मोटारीवरच्या ड्रायव्हरबरोबर, भरमूबरोबर, रवाना झाला आणि चार-दोन दिवसांत भरमूच निरोप घेऊन आला. "शेठनी बोलावलंय तुमास्नी. फोटो बघून त्यांची आई रडली म्हनं!"

रडली! बोलपट निघायच्या आधीच प्रेक्षक रडायला लागले! मार्तंडानं शेजारच्या यशोदाबाईंना सांगितलं, सगळ्या गल्लीला सांगितलं आणि कचेरीत जाऊन हेडक्लार्कला तोंडावर सांगितलं, "राव, नवा माणूस बघा. ही खुर्ची रिकामी झाली!"

"लेखी द्या," मार्तंडाला ओळखून असलेला हेडक्लार्क थंडपणे म्हणाला. मार्तंड म्हणाला, निपाणीहून आल्यावर सही ठोकतो!

निपाणीला शेठच्या दिवाणखान्यात तो ऐटीत शिरला. शेठच्या आई तारामतीआक्का चष्मा पुसून जवळ आल्या. त्याचा चेहरा उजेडाकडे वळवून त्यांनी निरखून पाहिला आणि मुलाकडे वळून म्हणाल्या, "न्हाईत रं. हे ते डोळं न्हाईत."

"कुठले डोळे?" मार्तंडानं विचारलं.

शेठनी भिंतीकडे बोट केलं. "ते. आमचे आप्पा. गेले त्या दिवशी मारुतीरावांस्नी पडदा-खुर्चीसकट बेळगावहून बोलावून फोटो काढून घेतला. तुमच्या फोटोत हुबेहूब तेच डोळे! आई म्हणाली, ह्यो आपल्यातलाच कोणतरी असणार."

मार्तंडानं वर पाहिलं. तोच महाल. तीच खुर्ची. तेच उपरणं. आणि त्यावर चंदनाचा हार! दुकानाच्या काचेमागची सगळी पोक्त मंडळी त्याच्या डोळ्यांपुढून ओळीनं गेली. उन्हाळ्यातली घाई त्याला आता कळली. तो मटकन खाली बसला आणि थोडासा कलंडलासुद्धा!

"घाबरू नका हो," शेठ म्हणाले. "काम दिलंय तुम्हाला."

मार्तंड सरळ झाला. "नायकाचं?"

"नायकाच्या घरातलंच. नायकाचे स्वर्गवासी वडील! सारखे भिंतीवर असतात. फोटो आमच्याकडं हायच, तुम्ही यायची गरज न्हाय."

दुसऱ्या दिवशी मार्तंड कचेरीत वेळेआधी हजर होता. हेडक्लार्कनं नेहमीसारखी फाइल पुढं सरकवली. त्याचंच मार्तंडाला जास्त लागलं.

दिवाळीनंतर बोलपट बेळगावात लागला. सगळी गल्ली गेली. नायिकेनं भिंतीवरच्या मार्तंडाला हार घातला, कपाळ टेकलं, "मामंजी, मला अनाथ करून गेलात!" म्हणत हंबरडा फोडला. यशोदाबाईंना हुंदका आवरेना, आणि मार्तंड त्यांच्या शेजारीच बसला होता! थेटरात नाकं शिंकरल्याचे आवाज ऐकून त्याची छाती फुगली. काही म्हणा, लोक आपल्यासाठी रडत होते.

खेळ सुटल्यावर दारात शांतिनाथ शेठ उभे होते. मार्तंडानं धीर केला, उपरणं सारखं केलं आणि गर्दीतून पुढं झाला.

"शेठ, लोकांना काम पसंत पडलं. पुढच्या बोलपटात माझं काय?"

शेठनी खरोखर विचार केला. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते हळहळले.

"अवघड हाय हो, हुद्दार. फुडच्या गोष्टीत नायकाचा बाप जिता हाय."