निर्मलाबाईसाहेबांची बडोदेस्वारी

श्री तापीमाता प्रसन्न. मौजे कोरीट, परगणे नंदुरबार, येथील राजमान्य राजश्री नवल पाटील यांणी विजेवर चालणारी पांढरी मोटार सिद्ध करोन कुटुंबासह गुर्जर देशी बडोद्यावर मोहीम केली, ते समयी मार्गी जे जे प्रसंग गुदरले आणि अखेरीस फत्ते कैसी जाहली, ती हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. श्रोत्यांनी सावचित्त होऊन ऐकावी, आणि मध्येच मोबाईल वाजल्यास उठोन ओसरीवर जावे.

मोहिमेचे कारण ऐसे जे, नवलरावांच्या पत्नी निर्मलाबाईसाहेब या शेतकामात, कुरड्या घालण्यात आणि भाऊबंदांच्या बोलाचालीत कोणास हार जाणाऱ्या नव्हत्या. परंतु त्यांच्या पोटाचे आणि वाहनाचे उभे वैर होते. डिझेलचा वास नाकी शिरला आणि इंजिनाची थरथर पायांस लागली की मग बाईसाहेबांचा इलाज चालत नसे. एस.टी.त बसल्या तर नंदुरबार येण्याआधी पदर तोंडी, जीपेत बसल्या तर गावच्या वेशीवरच मुक्काम. आगगाडीचाही प्रयोग करोन पाहिला. सुरतेच्या गाडीत खिडकीपाशी बसविले, लिंबू हाती दिले, तरी खांडबारा स्टेशनी त्या गाडीतोन खाली उतरल्या, त्या पुन्हा चढल्या नाहीत, आणि कोणा ओळखीच्याच्या मोटारसायकलीवर, मोकळ्या वाऱ्यात, माघारी आल्या.

कन्या रोहिणी बडोद्यास दिली होती. लग्न कोरीटासच जाहले, पुढे दिवाळ्या गेल्या, परंतु आईने लेकीचे घर पाहिले नाही. लेक व्हिडिओ कॉलात फोन फिरवोन स्वयंपाकघराचा ओटा दाखवी, गॅलरीतील तुळस दाखवी, आणि बाईसाहेब ‘बेस शे’ इतकेच म्हणत, आणि फोन ठेविला म्हणजे बराच वेळ भिंतीकडे तोंड करोन बसत. मग रोहिणीस दिवस गेले, डोहाळजेवणाचा मुहूर्त ठरला, आणि लेकीकडोन निर्वाणीचा निरोप आला की, ‘आई, तू येशी तवयच मी ओटी भरी लिसू. नही ते ऱ्हाऊ दे.’

हा निरोप ऐकोन नवलराव दोन घास कमी जेवले, आणि पुढे काही दिवसांनी दारी विजेची मोटार आणोन उभी केली. भाऊबंदांत कारण सांगितले की पेट्रोलास कंटाळलो. खरे कारण त्यांणी कोणास सांगितले नाही, बाईसाहेबांसही नाही.

पहिली चाचणी तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत जाहली. बाईसाहेब डोळे मिटोन, पिशवी उघडी धरोन बसल्या. तापीचा पूल आला तैसे डोळे उघडोन त्यांणी पुसिले की, ‘गाडी चालू शे का बंद शे?’ चालू आहे ऐसे उत्तर मिळाले. मग परतताना भुईमुगाच्या शेंगा मागितल्या आणि चालत्या गाडीत सोलोन खाल्ल्या. ते पाहोन नवलरावांनी तोंड खिडकीकडे फिरविले. मग मोहीम मुक्रर जाहली.

बडोद्याचे व्याही राजश्री उमाकांतराव हे डिझेल जीपेचे मोठे अभिमानी. त्यांणी फोनवर इशारा दिला की, ‘याही, बॅटरीनी गाडी म्हणजे पोऱ्यासनं खेळनं. रस्तामा बंद पडनी तर फोन करा, मी जीप लई येस.’ बोलणे मायेचे होते, परंतु त्यात मोठा धोका होता. जीप आली म्हणजे बाईसाहेबांस जीपेत बसणे प्राप्त, आणि जीपेत बसल्या म्हणजे लेकीच्या दारी त्या चालत जाणार नाहीत, उचलोन न्याव्या लागतील. सबब वाटेत बॅटरी संपली तर मोहीम बुडाली, हे नवलरावांनी पक्के जाणिले.

फाल्गुन मासी सकाळचे प्रहरी कूच जाहले. सारथ्य चिरंजीव भाग्येश यांजकडे. ॲपांचा आणि नकाशाचा कारभारही त्यांजकडेच. रसदेत मातीच्या खापरावर भाजलेल्या पुरणपोळ्यांचे डबे, ओटीचे साहित्य, लिंबे आणि पिशव्यांची एक पिशवी. बॅटरी शंभर टक्के भरली होती. नवलराव पुढे बसले, टक्क्यांच्या आकड्यावर नजर ठेविली, आणि फर्मान सोडिले की गाणी लावू नयेत, काचा विनाकारण वरखाली करू नयेत, आणि मोटारीच्या विजेवर कोणी मोबाईल चार्ज करू नये. भाग्येशरावांनी अर्ज केला की, ‘आप्पा, मोबाईलले कितली वीज लागस?’ त्यावर उत्तर आले की थेंबाथेंबानेच टाकी रिती होते, आणि अर्ज नामंजूर जाहला. या फर्मानाचे फळ पुढे सांगणे आहे.

तळोदे, अक्कलकुवा मागे टाकोन खापर गावी चहा घेतला, आणि मग गुर्जर देशाची सरहद्द ओलांडिली. पुढे डोंगर लागला. चढाला टक्के ऐसे घसरले की नवलरावांचा चेहरा उतरला, आणि ते आसनावर पुढे सरकोन बसले, जणू त्याणे मोटारीस जोर मिळावा. परंतु माथा गाठोन मोटार उताराला लागली, आणि भाग्येशराव हळूच म्हणाले की, ‘आप्पा, टक्का वाढी ऱ्हायना.’ नवलरावांनी चष्मा पुसोन पाहिले. एक टक्का वाढला होता, आणि मग आणिक एक वाढला. उतारावर चाके फिरतात आणि वीज उलटी बॅटरीत भरते, ऐसे चिरंजीवांनी समजाविले. नवलराव म्हणाले, ‘वापरीसन वाढस? आपली विहीर आशी पाहिजे व्हती.’ मग उभयतांस उताराचा ऐसा मोह पडला की पुढे सपाटी आली तेव्हा दोघे खिन्न जाहले. मागे बाईसाहेब सागाची झाडे पाहात होत्या. पिशवीची घडी अद्याप मोडली नव्हती.

भरूच मागे पडले आणि मग द्रुतगती मार्ग लागला. तो मार्ग ऐसा की, वळण नाही, गाव नाही, म्हैस नाही. नजर जाई तोवर रस्ताच. भाग्येशरावांचे रक्त तापले, पाय खाली गेला, आणि मोटार बाणासारखी सुटली. बाईसाहेब मागून हसल्या. प्रवासात त्या हसल्या ऐसे कोणाच्या स्मरणात नव्हते. म्हणाल्या, ‘पळू दे.’ तो हुकूम मानोन भाग्येशराव आणिक पळाले, आणि नवलरावही क्षणभर टक्के विसरले, आणि ज्या सुखात मोठमोठ्या फौजा गाफील राहिल्या त्याच सुखात तिघे राहिले. भानावर येऊन पाहतात तो आकडा पंधरावर. वेगाने वीज दुप्पट खाल्ली होती, आणि बडोदे अद्याप दूर.

मग खलबत बसले. चार्जिंगचे ठाणे पुढे होते, परंतु तिथवर पोचावे कैसे. वेग उतरविला, मोटार डाव्या कडेने हळू चालली, आणि सिमेंटचे ट्रक, टरबुजांचे ट्रक सारे पुढे निघोन गेले. टरबूजवाल्याने तर मान काढोन विचारपूस केली. तितक्याने भागेना म्हणोन नवलरावांनी एशी, म्हणजे गार वाऱ्याचे यंत्र, बंद करविला आणि काचा उघडविल्या, आणि येथेच घात जाहला. उन्हाची झळ आत शिरली, तिच्यासंगे ट्रकांचा काळा धूर शिरला, आणि तो ओळखीचा वास मागच्या आसनापर्यंत पोचला. नवलरावांनी आरशातोन पाहिले तो त्यांणी डोळे मिटले होते आणि पिशवी उघडली होती.

ते समयी आकडा सात. एशी लाविला तर ठाण्यापर्यंत पोचण्याचा भरवसा नाही, न लाविला तर मोहिमेचे कारणच बुडते. इतक्यात उमाकांतरावांचा फोन आला की कोठवर आलात, जीप काढू काय. नवलरावांनी पुन्हा आरशात पाहिले. मग ‘येतोच’ इतके सांगोन फोन ठेविला, आणि चिरंजीवांस हुकूम केला की, ‘एशी चालू कर. काचा लाव. टक्का गया तर जाऊ दे.’

काचा चढल्या, गार वारा सुटला. नवलरावांनी मागे हात केला, आणि बाईसाहेबांनी तो धरिला. सहा जाहले, पाच जाहले, चार जाहले, पडद्यावर कासवाचे चित्र उमटले, म्हणजे मोटारीनेही हाय खाल्ली. आणि ऐशा अवस्थेत ठाण्याची पाटी दिसली आणि मोटार आत शिरली. बाईसाहेबांनी डोळे उघडले आणि पिशवी मिटोन ठेविली. पोट शाबूत राहिले.

परंतु ठाण्यावर दुसरा प्रसंग उभा. चार्जिंगच्या गनी, म्हणजे मोटारीत वीज भरण्याच्या नळ्या, दोन. एकीवर गोणपाट बांधोन ती बंद ठेविलेली, दुसरीस निळी मोटार लागलेली. मालक तरणेबांड राजश्री रिषभ, खापर गावी कापडाचे दुकानदार, बंधूच्या साखरपुड्यास बडोद्याकडे निघालेले. नवलरावांनी आपली स्थिती निवेदन केली. रिषभराव नम्रपणे म्हणाले की मीही नवखा, पूर्ण भरल्याविना निघण्याची छाती होत नाही. बोलणे रास्त होते, नंबर त्यांचा होता. त्यांत भाग्येशरावांनी खिशातोन मोबाईल काढिला तो मेलेला. ॲप त्यातच, आणि ॲपाविना गन चालू होत नाही. चिरंजीवांनी तीर्थरूपांकडे केवळ पाहिले. तीर्थरूपांनी बंद गनीवरील गोणपाटाची गाठ बारकाईने तपासावयास घेतली.

ऐसा पेच पडला असता बाईसाहेबांची नजर निळ्या मोटारीपलीकडे गेली. तेथे रिषभरावांची पत्नी प्रियल कठड्यास टेकोन वाकली होती, एका हाती मोबाईल, दुसरा हात पोटावर. आजवर या दुखण्यात बाईसाहेबांस पुष्कळांनी उपदेश केले होते, सोबत कोणी केली नव्हती. त्या तडक गेल्या, पोरीचे कपाळ तळहाती धरिले, आणि म्हणाल्या, ‘होऊ दे मोकळं. आते मोबाईल ठेव. दूर देख, तठे, त्या झाडकडे. तोंड मिटीसन नाकवाटे दम ले.’ लिंबू कापोन हुंगावयास दिले, पदर भिजवोन मानेवर ठेविला, आणि पाठीवर हात फिरवीत राहिल्या.

घटकेने प्रियलचा रंग परतला. तिने पुसिले की, ‘काकू, तुम्हले कसं समजनं?’

बाईसाहेब म्हणाल्या, ‘मन्हा जलम यामाच गया, पोरी.’ आणि मग, कोणास न सांगितलेले तिला सांगितले की लेक बडोद्यास आहे, सातवा लागला आहे, आणि तिचे घर मी अजोन पाहिले नाही.

प्रियल उठली. नवऱ्यापाशी गेली आणि फर्माविले की, ‘गन काढा. काकूसनी गाडीले लावा.’ रिषभरावांनी आकड्याकडे एकवार पाहिले, पत्नीकडे एकवार पाहिले, आणि गन काढिली. मग तह जाहला तो ऐसा: रिषभरावांपाशी बडोद्यापुरते भरपूर होते, सबब त्यांणी थांबावे, पांढऱ्या मोटारीने लागेल तितकेच घ्यावे, गन रिषभरावांच्या ॲपाने चालू व्हावी, आणि पुढील वाटेत उभय मोटारींनी संगे चालावे. तहाच्या वेळी पुरणपोळीचा डबा उघडला, आणि चौघांनी तूप लावोन खाल्ली. बाईसाहेबांनी खाल्ली नाही. अद्याप भरवसा नव्हता. प्रियल मात्र दोन खाऊन म्हणाली की आता आमच्या मोटारीत पुढच्या आसनावर मी बसणार, आणि बसली.

तिसरे प्रहरी उभय मोटारी बडोद्यात दाखल जाहल्या. निळी मोटार हात करोन आपल्या वाटेस गेली, आणि पांढरी रोहिणीच्या सोसायटीत शिरली. उमाकांतराव जीपेची किल्ली हाती घेऊन फाटकात उभे. त्यांणी विहीणबाईंसाठी पलंग घालोन ठेविला होता, बादली ठेविली होती, आणि ओळखीच्या डॉक्टरास सांगोन ठेविले होते. मोटारीचे दार उघडले. बाईसाहेब आपल्या पायांनी उतरल्या आणि लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या.

रोहिणीस जिने उतरण्याची मनाई होती. ती मनाई मोडोन खाली आली, आणि आईस उभी पाहोन तिथेच पायरीवर बसली. बाईसाहेब तिच्याशेजारी पायरीवर बसल्या. पोरीने आईच्या खांद्यावर डोके ठेविले, आणि आईने तिच्या पोटावर हात ठेविला.

उमाकांतराव खाकरोन म्हणाले, ‘याहीन, आतमा जरा पडा. पलंग करेल शे.’

बाईसाहेब म्हणाल्या, ‘पडसू मंग. पहिले जेवाले वाढा. माले भूक लागनी.’

हे ऐकोन नवलराव मोटारीमागे जाऊन उगाच चाकाची हवा पाहू लागले. प्रवास करोन बाईसाहेबांस भूक लागली, हे उभ्या संसारात प्रथमच घडले होते.

दुसरे दिवशी डोहाळजेवण थाटाने जाहले आणि ओटी भरली. उमाकांतरावांनी स्वहस्ते स्वयंपाकघराच्या खिडकीतोन वायर खाली सोडिली आणि मोटार चार्जिंगास लाविली, आणि शेजारी पुसो लागले तर माझ्या व्याह्यांची आहे ऐसे सांगत सुटले. पंगत उठल्यावर बाईसाहेब गॅलरीत बसल्या, आणि सुपारी कातरता कातरता त्यांणी नवलरावांस पुसिले की, ‘द्वारका आठून कितली दूर शे?’ नवलरावांनी भाग्येशरावांस खुणेने सांगितले की मोबाईल पूर्ण भरोन घे.

येणेप्रमाणे फाल्गुन मासी बडोदे सर जाहले. या मोहिमेत मुलूख मिळाला नाही, खंडणी आली नाही, निशाण कोठे लागले नाही. आई लेकीच्या घरी राहिली, सकाळी उठोन लेकीच्या केसांस तेल लाविले, आणि लेक माहेरच्यासारखी उशिरापर्यंत निजली. इतकी फत्ते जाहली, ती येथे नमूद केली असे.