ताजुन्निसाची जागा

उबेदला कुवेतला जाऊन अडीच वर्षं झाली होती. चौऱ्याण्णव सालच्या मार्चात आलेल्या पत्रात त्यानं बायकोचा, ताजुन्निसाचा फोटो तेवढा मागितला. रोह्यात एका लग्नाचे फोटो काढायला पेणच्या रामवाडीहून निलेश आला होता, त्यालाच घरी बोलावलं. ताजुन्निसानं उबेदनं जाताना घेतलेल्या हिरव्या बांगड्या घातल्या.

"रोलमधला शेवटचा फोटो हाय भाभी," अंगणात कॅमेरा रोखत निलेश म्हणाला. "मधोमध नको, जरा कडेला उभ्या राहा. बाजूला मोकळी जागा असली की माणूस उठून दिसतो."

ती कडेला झाली. त्या मोकळ्या जागेकडे तिची नजर गेली. इथं उबेद उभा असता तर, असं तिच्या मनात आलं.

सासूला, खैरुनबीला मात्र ती जागा बघवेना. "एवढी जागा फुकट घालवतोस व्हय रे? पोराच्या कमाईचा फ्रीज तरी दिसू दे."

शेजारच्या दोघांनी उचलून फ्रीज अंगणात आणला. फ्रीज आपण पसंत केलेला म्हणून सासरे जमाल त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसले. मग नुकतीच व्यालेली शेळी आली. ती फ्रीजला बुजली, तेव्हा तिला धरायला खैरुनबी स्वतः उभी राहिली.

"ताजू, सरक गो जरा. अजून थोडी."

ताजुन्निसा सरकत राहिली. निलेशचं सगळं लक्ष शेळीकडे. शेळी क्षणभर स्थिर झाली आणि त्यानं घाईघाईनं बटण दाबलं.

फोटोत फ्रीज झकास आला, जमाल रुबाबदार, शेळी तर थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. ताजुन्निसाचा मात्र कडेला कोपरापर्यंत हात तेवढा आला होता.

"हात आलाय ना? वळखेल तो," म्हणत खैरुनबीनं फोटो पाकिटात घातला. ताजुन्निसा मोरीत जाऊन पोटभर रडली.

महिन्यानं उबेदचं पाकीट आलं, त्यात तोच फोटो परत. जमालनी पत्र वाचलं, "अम्मी, फ्रीज पसंत हाय, शेळी पण. इथं एका खोलीत आम्ही आठ जण, फोटो लावायला जागा नाय. तुम्ही घरात लावा. मला पायजे तेवढा मी ठेवून घेतलाय."

खैरुनबीनं फोटो उलटसुलट करून पाहिला. एका बाजूची बोटभर पट्टी कात्रीनं सरळ कापलेली होती.

"आता बघ कसा नीट बसलाय," ती समाधानानं म्हणाली आणि फोटो भिंतीवर लावला.

ताजुन्निसानं फोटोची कापलेली कड निरखून पाहिली. त्या दिवसापासून भांडी घासायच्या आधी ती त्या हातातल्या बांगड्या जपून काढून ठेवू लागली.