दाजी, पान एकशे बारा

"निबंध लिहिणं म्हणजे काय पोरखेळ आहे?" प्रस्तावनाने कँटीनच्या टेबलावर चमचा आपटला. "त्याला पद्धत लागते, पद्धत! आणि ती माझ्याकडे आहे!"

समोरच्या दोन नव्या विद्यार्थिनींनी माना डोलावल्या. प्रस्तावना हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण संशोधनाला लागल्यापासून या गड्याने एकाच प्रबंधाच्या इतक्या प्रस्तावना लिहिल्या होत्या, की सगळा विभाग त्याला त्याच नावाने हाक मारायचा. त्याला तो बहुमान वाटायचा!

"ऐका. आधी निष्कर्ष लिहायचा. शोध लागायची वाट बघत बसलात तर म्हाताऱ्या व्हाल! मग शीर्षक. ते असं हवं, की वाचणाऱ्याला आपलंच शिक्षण कमी पडलंय असं वाटावं. आणि मग सुटायचं सुसाट!"

"पण दादा, संदर्भ?"

"तिथेच तर सगळे गाळात रुततात! एक वाक्य लिहितात, त्याला आधार शोधायला ग्रंथालयात जातात आणि तिथेच झोपतात. मी थांबतच नाही. आधार हवा तिथे 'दाजी' लिहितो, मनाला येईल तो पान नंबर ठोकतो आणि पुढे! सगळं झालं की दाजी उपटायचे आणि तिथे खरे विद्वान लावायचे."

"दाजीच का पण?"

"कारण आमच्या दाजींना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असतं!"

हे खोटं नव्हतं. दाजी म्हणजे त्याच्या ताईचे यजमान. विमा विकायचे. प्रस्तावना त्यांच्याच घरी मागच्या खोलीत राहायचा, त्यामुळे भूकंपापासून बुटाच्या पॉलिशपर्यंत दाजींची सगळी मतं त्याने जेवता जेवता गिळली होती. ताई मात्र लग्नानंतर थोड्याच दिवसांत ऐकेनाशी झाली होती. दाजी बोलायला लागले की ती मिक्सर लावायची!

या खेपेला मात्र प्रकरण गळ्याशी आलं होतं. मार्गदर्शक मॅडमनी निक्षून सांगितलं होतं, "चर्चासत्रात निबंध मान्य झाला नाही, तर तुझी नोंदणी रद्द. मग घरी बसून प्रस्तावना लिही!"

विषय होता, लिफ्टमध्ये माणसं एकमेकांशी का बोलत नाहीत. शीर्षक: 'उद्वाहनस्थ मौनाचे समाजशास्त्र'. कच्च्या निबंधात स्वल्पविरामांपेक्षा दाजी जास्त होते. पण गडी खरोखर बसला, घाम गाळून एकेक दाजी उपटला, प्रत्येकाच्या जागी जिताजागता विद्वान बसवला आणि पक्का निबंध तयार केला. मग स्वतःवर खूश होऊन केस कापायला गेला.

अर्धं डोकं भादरून झालं आणि मॅडमचा फोन! "निबंध कुठाय? छापखान्याचा माणूस समोर बसलाय माझ्या!"

त्याने खुर्चीतूनच घरी फोन लावला. "ताई, कॉम्प्युटरवर दोन निबंध आहेत. त्यातला पक्का मॅडमना पाठव. लगेच!"

घरी येतो तर ताई दारातच उभी. डोळे पाणावलेले.

"पाठवलास ना गं पक्का?"

"कच्चा पाठवला."

"काय?"

"दोन्ही वाचले मी. पक्क्यात सगळी परकी माणसं! आणि कच्च्यात पानोपानी हे! 'मनुष्य ऊर्ध्वगतीच्या काळात अंतर्मुख होतो: दाजी, पान एकशे बारा.' अरे, इतकी वर्षं संसार केला, पण हे असं काही बोलू शकतात हे मला माहीतच नव्हतं! आणि तू त्यांना पक्क्यातून काढून टाकलंस? ह्यांच्याच घरात राहून? ह्यांच्याच पंख्याखाली बसून?"

प्रस्तावनाने मॅडमना फोन लावला. तिकडे निबंध छापूनही गेला होता!

मॅडमचं बोलावणं आलं, तेव्हा तो बळीच्या बकऱ्यासारखा केबिनमध्ये शिरला. विभागप्रमुखही तिथेच बसले होते. दोघांच्या हातात निबंध.

"मॅडम, चूक झाली. ते दाजी म्हणजे..."

"मला सांगतोस दाजी कोण ते?" मॅडम उसळल्या. "त्यांना वाचतच आम्ही मोठे झालो! उलट हल्लीच्या पोरांत कोणीतरी दाजींपर्यंत पोचलं, याचं मला कौतुक वाटतंय."

प्रस्तावनाने पटकन मान डोलावली.

विभागप्रमुखांनी चष्मा पुसला. मॅडमनी वाचलेलं आपण वाचलं नाही, असं ते जन्मात कबूल करणार नव्हते. "माझे दाजींशी मतभेद आहेत," ते म्हणाले. "विशेषतः पान एकशे बाराशी. पण दबदबा होता माणसाचा! हयात आहेत का?"

"आहेत की. घरीच असतात," प्रस्तावनाच्या तोंडून निघून गेलं. जीभ चावली, पण उशीर झाला होता!

"घर माहीत आहे तुला? मग बोलाव! चर्चासत्राला अध्यक्ष मिळाले!"

त्याने घरी येऊन दाजींचे पाय धरले. "दाजी, तुम्ही आजारी पडा. एक दिवस. माझ्यासाठी!"

"छे! आजारपण हे माणसाच्या मनावर असतं," दाजींनी मत दिलं आणि कोट इस्त्रीला टाकला. ताईने मिक्सर लावला नाही. उलट दटावलं, "ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा कोणी माईक देतंय. मध्ये आलास तर याद राख!"

चर्चासत्राचं सभागृह भरलं होतं. दाजी उभे राहिले, माईक जवळ ओढला. प्रस्तावनाने डोळे मिटले.

"लिफ्टमध्ये माणूस गप्प बसतो असं कोण म्हणतं?" दाजी गरजले. "मी तर तिथेच माणसं गाठतो! दार बंद झालं की समोरच्याला पळता येत नाही. विचारा, मरणाचा विचार केलाय का? बघा कसा बोलायला लागतो!"

सभागृहात वह्या उघडल्या. मग भराभरा पेनं चालू लागली. कोणीतरी पुटपुटलं, "मृत्यूचं भान आणि बंदिस्त अवकाश! वा!"

विभागप्रमुख उठले. "पण दाजी, पान एकशे बारावर आपण याच्या नेमकं उलट म्हटलंय!"

प्रस्तावनाने खुर्चीचा हात घट्ट धरला. आता संपलं!

दाजींनी कोट सारखा केला. विमा विकणारा माणूस. अडचणीचे प्रश्न रोजचेच. "तेव्हा वय लहान होतं," ते म्हणाले.

टाळ्यांचा कडकडाट! विभागप्रमुखही टाळ्या पिटत होते! प्रस्तावनाचा जीव भांड्यात पडला. सुटलो! नोंदणी वाचली, दाजी वाचले, सगळंच वाचलं!

तेवढ्यात मॅडमना सुचलं. "दाजी, आपल्यावरच आधारलेला हा निबंध. आपण दोन शब्द बोलावेत."

दाजींनी निबंध प्रथमच हातात घेतला. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. भुवया वर गेल्या.

"हे मी म्हटलंय? ऊर्ध्वगती? अंतर्मुख? मी असलं काही कधीच म्हटलेलं नाही! हा मुलगा रोज माझ्यासमोर जेवायला बसतो, पण याचं लक्ष नसतं. याला मी कळलोच नाही!"

सभागृहात चुकचुकाट झाला. मॅडमनी प्रस्तावनाकडे अशी नजर टाकली, की त्याचे उरलेसुरले केसही उभे राहिले.

निकाल मॅडमनी केबिनमध्ये सुनावला. निबंध नामंजूर. कारण: दाजींच्या विचारांचा विपर्यास. "खोटे संदर्भ दिले असतेस तर एक वेळ समजून घेतलं असतं," त्या म्हणाल्या. "पण खऱ्या माणसाच्या तोंडी भलतंच घालायचं?"

"मॅडम, माझी नोंदणी..."

"दाजींनी रदबदली केली म्हणून ठेवतेय. पण विषय बदल. दाजींच्या विचारांवर प्रबंध लिही. त्यांच्या पायाशी बसून!"

आता रोज सकाळी दाजी आरामखुर्चीत बसून बोलतात आणि प्रस्तावना सतरंजीवर बसून लिहून घेतो. ताई स्वयंपाकघरातून ओरडते, "नीट लिही रे, मागच्यासारखं नको!" एकदा न राहवून त्याने विचारलं, "दाजी, हे सगळं तुम्ही सांगताय, पण याला आधार काय?"

"आधार? तुमच्या मॅडमनी माझ्यावर एवढा मोठा लेख लिहिलाय की! त्यात सगळं आहे," दाजी म्हणाले. "मलाही तिथूनच कळलं!"